छापखान्याची रसद

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना आपण बहुधा ग्रंथांची आणि ग्रंथकारांची नावे घेतो; पहिले व्याकरण कोणते, पहिले पंचांग कोणत्या साली निघाले, एवढे सांगितले की आपले समाधान होते. परंतु ज्या गृहस्थाने तो ग्रंथ प्रत्यक्ष छापला, त्याच्या चित्ताला त्या दिवसांत कोणता घोर लागला होता, हे शोधू गेल्यास त्याच्या दप्तरात साहित्यविचार फारसा सापडणार नाही. सापडेल तो जिनसांचा हिशेब. रीम किती उरले, शाईचा डबा कधी संपेल, जहाज बंदरात लागले की नाही, खिळ्यांचा कोणता वर्ण कमी पडतो आहे आणि तो ओतून आणण्यास किती दिवस लागतील, याच चिंतेने त्याचा दिवस उजाडे आणि मावळे. सैन्याची मोहीम ज्याप्रमाणे रसदेवर चालते त्याप्रमाणे छापखाना रसदेवर चालतो, आणि मराठी छापखान्याची रसद तर आरंभापासूनच सातासमुद्रांपलीकडून यावयाची होती. आपल्या मुद्रणाला जे रूप आले, त्याचा पुष्कळसा भाग या दूरच्या रसदेने आणि तिच्यापासून सुटका करून घेण्याच्या खटपटीने घडविला, असे माझे मत आहे. आणि ज्यांनी ती खटपट केली त्यांचे ऋण आपण पुरेसे ओळखलेले नाही, असेही मला वाटते.

या देशात पहिले मुद्रणयंत्र आले तेच मुळी वाट चुकलेल्या मालासारखे. १५५६ साली गोव्याच्या बंदरात उतरलेले ते यंत्र ॲबिसिनियाला जावयाचे होते. तिकडची परिस्थिती अनुकूल नसल्यामुळे ते गोव्यातच राहिले आणि सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाले. यंत्र आले, कारागीर आले. परंतु ज्या भाषेच्या प्रदेशात ते आले त्या भाषेची अक्षरे त्याच्यापाशी नव्हती. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले ते रोमन लिपीत. देशी लिपीत पुस्तके छापली जावीत अशी इच्छा त्यांनी १६०८ मध्ये रोमला पाठविलेल्या पत्रात व्यक्त केली होती, आणि या लिपीला शेकडो मातृका लागतात ही अडचणही त्यांना पुरती ठाऊक होती. इतकी रसाळ मराठी रचना करणाऱ्या पुरुषाला आपला ग्रंथ मराठी अक्षरांत पाहता आला नाही, याचे कारण कोणताही वाङ्मयीन विचार नव्हता. ठसे कोरणारा माणूस आणि ते ओतण्याचा सरंजाम जवळपास कोठेही नव्हता, एवढेच.

हीच गोष्ट सुरत-मुंबईचे व्यापारी भीमजी पारेख यांच्या अनुभवास आली. आपल्या लोकांचे प्राचीन ग्रंथ छापावेत या हेतूने त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे मागणी केली, आणि १६७४ साली कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक, एक यंत्र, इंग्रजी खिळे आणि कागद असा सारा सरंजाम मुंबईला रवाना केला. मुद्रक आला खरा, पण त्याला ठसे कोरता येत नव्हते. छापणारा आणि ठसे कोरणारा हे दोन निरनिराळे कारागीर असतात, हे मागणी लिहिताना कोणी ध्यानात घेतले नसावे. आणि ही उणीव कळून दुसरा माणूस मागवावयाचा म्हणजे पत्र विलायतेस जाणार, तेथे विचार होणार, मग जहाज निघणार. अशा व्यवहारात एका विसरलेल्या कलमाने वर्षेच्या वर्षे वाया जात. पेशवाईच्या अखेरीस नाना फडणिसांच्या आश्रयाने पुण्यात ताम्रपटावर गीता कोरण्याचा प्रयत्न झाला आणि पुढे १८०५ साली मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने ती छापलीही गेली; त्या उद्योगात निदान तांबे, तांबट आणि कागद या तिन्ही गोष्टी घरच्या होत्या, म्हणून तो अल्प प्रमाणात का होईना, शेवटास गेला.

रसदेचा प्रश्न ज्यांनी प्रथम मुळापासून हाती घेतला ते मिशनरी लोक आपल्यापासून फार दूर, बंगालमध्ये श्रीरामपूरला बसले होते. कॅरीसाहेबांचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथे निघाले, १८१० मध्ये मोडी अक्षरांत त्यांचा मराठी कोश निघाला. आणि हे होऊ शकले ते पंचानन कर्मकारांसारखा ठसे कोरणारा लोहार त्यांना घराजवळ मिळाला म्हणून. ११ मार्च १८१२ च्या सायंकाळी या छापखान्याला आग लागली. कागदाचा साठा भस्म झाला, अनेक भाषांचे खिळे वितळून गेले, हस्तलिखिते गेली. परंतु राख उपसताना पोलादी ठसे आणि साचे शाबूत सापडले, वितळलेले शिसे गोळा करण्यात आले, आणि ओतकाम तत्काळ सुरू होऊन थोड्याच काळात देशी लिप्यांची छपाई पुन्हा चालू झाली. खिळे परदेशाहून विकत घेऊन बसलेल्या छापखान्यावर हा प्रसंग आला असता तर तो छापखाना कदाचित कायमचाच बंद पडता. श्रीरामपूरकरांनी पुढे कागदही स्वतः करण्याचे मनावर घेतले; देशी कागदाला कसर फार लवकर लागते म्हणून किडीला दाद न देणारा कागद त्यांनी सिद्ध केला, आणि १८२० मध्ये त्या कामासाठी विलायतेहून वाफेचे यंत्र आणविले.

आता हा जो देशी कागद, त्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. कारण आपल्याकडे कागद नव्हताच, तो इंग्रजांनी आणला, अशी समजूत अद्याप पुष्कळांची असते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात, जुन्नरला, खानदेशात एरंडोलला, आणि पुण्याच्या कसबा पेठेत ज्या वस्तीला आजही कागदीपुरा म्हणतात तेथे, कागदी लोकांचे कारखाने पिढ्यानपिढ्या चालत आले होते. तागाची जुनी गोणपाटे, दोरखंडे, चिंध्या हे सर्व चुन्यात भिजवून, कुटून, धुवून त्याचा लगदा करावयाचा, तो हौदात घालून बारीक चाळणीवर एकेक ताव उचलावयाचा, भिंतीला लावून वाळवावयाचा, खळ द्यावयाची आणि मग गुळगुळीत दगडाने घोटून त्याला चकाकी आणावयाची, अशी ही कृती. मराठी राज्याचे सारे दप्तर, सनदा, रोजकीर्दी, वंशावळ्या याच कागदावर लिहिल्या गेल्या आणि शेकडो वर्षे टिकल्या. बोरूच्या लेखणीला हा कागद जितका मानवतो तितका दुसरा कोणताही मानवत नाही. परंतु खिळ्यांच्या छपाईची रीत अशी की कागद आधी ओलसर करून मग यंत्रात घालावयाचा. खळ दिलेला आणि घोटलेला ताव ओलसर केला की त्याची घोटाई नासे, आणि हाताने उचललेल्या तावांची जाडी व लांबीरुंदी एकसारखी नसल्यामुळे फर्म्यावर ते एका मापात बसत नसत. म्हणजे ज्या मुलखात कागद होता त्या मुलखातच छापखान्याला उपयोगी कागद नव्हता. क्राऊन, डेमी, रॉयल ही जी मापे आजही आपले मुद्रक सहज बोलतात, ती त्या विलायती कागदाबरोबर आली, आणि पुस्तकाची लांबीरुंदी ग्रंथकाराच्या आवडीने ठरण्याऐवजी गुदामात कोणते माप पडून आहे यावर ठरू लागली. छापखान्याने कागदी लोकांकडून दप्तराला लागणारा कागद काही काळ घेतला, पुढे तोही थांबला. एका व्यवसायाच्या उदयात दुसऱ्या व्यवसायाचा अस्त झाला, आणि त्याची खंत वाटावी अशीच ती गोष्ट आहे.

मुंबईत १८१७ साली अमेरिकन मिशनने जी पहिली आठ पानांची मराठी पुस्तिका काढली तिचे खिळे कलकत्त्याकडून आणविलेले होते. एक वर्ण झिजला तर तो हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोकाहून मागवावयाचा, ही परवड त्या छापखान्यात उमेदवारीला लागलेल्या टॉमस ग्रॅहम या तरुणाने संपविली. त्याने देवनागरी ठसे स्वतः कोरले, खिळे ओतले, आणि त्याच्या हाताखाली जी मंडळी तयार झाली त्यांतून मुंबईतील मराठी मुद्रणाची परंपरा निघाली. याच छापखान्यात गणपत कृष्णाजी नावाचा एक भंडारी तरुण काम करीत होता.

गणपत कृष्णाजींविषयी गोविंद नारायण माडगावकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ च्या ग्रंथात जे लिहून ठेवले आहे ते मुद्रणाची आवड असलेल्या प्रत्येकाने वाचावे. मिशनच्या छापखान्यात शिळाप्रेस पाहून हा उद्योग आपणही करावा असे त्यांच्या मनाने घेतले. पण जवळ ना भांडवल, ना यंत्र. लोखंडी यंत्र विलायतेहून येणार, आणि शिळाछापाला लागणारा सूक्ष्मकणी चुनखडीचा दगड तर बव्हेरियातील सोल्नहोफेनच्या खाणीतला, जगात त्याच्या तोडीचा दुसरा जवळजवळ नाही. त्यांनी लाकडाचे यंत्र आपल्या हाताने जुळविले, इकडून तिकडून दगडाचे लहानसहान तुकडे मिळविले, आणि शाई घरी केली. शिळाछापाची शाई म्हणजे मेण, साबण, चरबी, लाख आणि काजळी यांचे मिश्रण. त्यातील चरबी हा मोठाच अडसर होता, कारण धर्मभीरू लोक छापील कागदाला हातही लावीत नसत. तेव्हा गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातले, असे परंपरेने सांगितले जाते. पुरवठ्याची अडचण केवळ अंतरामुळे उत्पन्न होते असे नाही. जिन्नस हाताशी असूनही गिऱ्हाईक तो पत्करीत नसेल, तर मुद्रकाला तो नसल्यासारखाच, आणि ही गोष्ट या अल्पशिक्षित कारागिराला त्याच्या काळच्या पुष्कळ विद्वानांहून अधिक चांगली समजली होती.

१८३१ साली, शके १७५३ चे, पहिले मराठी पंचांग त्यांनी छापले. या निवडीकडे मला विशेष लक्ष वेधावयाचे आहे. पंचांग हा असा ग्रंथ आहे की ज्याला दरवर्षी नवे गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. परंतु ज्याची मुदत एक दिवसही पुढे ढकलता येत नाही. वर्षप्रतिपदेच्या पूजेला नवे पंचांग हवे. ते दुसऱ्या दिवशी आले तर त्याची किंमत रद्दीची. त्या काळी विलायतेहून निघालेल्या शिडाच्या जहाजाला केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबईस येण्यास चार-पाच महिने लागत, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरील गलबतांची रहदारी नारळी पौर्णिमेपर्यंत बंद असे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० च्या अखेरीस खुला झाला, तोपर्यंत पनवेलहून वर पुण्याकडे जावयाचा माल बैलांच्या पाठीवरच चढे. म्हणजे चैत्रात पुण्याच्या ब्राह्मणाच्या हाती जे पंचांग पडावयाचे, त्याच्या कागदाची बेगमी आदल्या वर्षीच झालेली असली पाहिजे, गणित मार्गशीर्षाच्या आत हाती आले पाहिजे, आणि छपाई उरकून गठ्ठे फाल्गुनात घाट चढले पाहिजेत. मराठी मुद्रकाला मुदतीची शिस्त पंचांगाने लावली. पुढे निर्णयसागर छापखान्याने पंचांग काढले, इतरांनी काढले, आणि कित्येक छापखान्यांचे वर्ष याच एका तारखेभोवती आखले गेले.

शिळाछापाचा एक नियम असा की काम संपले म्हणजे दगड घासून पुन्हा कोरा करावयाचा. दगड दुर्मिळ, म्हणून तो अडकवून ठेवणे परवडत नाही. आणि एकदा घासला म्हणजे आणखी शंभर प्रती हव्या असल्या तरी संपूर्ण लेखन नव्याने करावे लागते. त्यामुळे प्रती किती काढाव्यात हा निर्णय आरंभीच आणि अचूक घ्यावा लागे. खिळ्यांच्या छपाईतही तेच संकट वेगळ्या रूपाने उभे राही. देवनागरीला जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या धरून शेकडो प्रकारचे खिळे लागतात. लहान छापखान्यापाशी एकावेळी आठ किंवा सोळा पाने जुळविता येतील एवढाच साठा. ती पाने छापून झाली की खिळे सोडून पाट्यांत टाकावयाचे आणि पुढची पाने जुळवावयाची. ग्रंथकाराने मुद्रिते तपासून देण्यास आठवडा लावला तर तेवढे खिळे त्या फर्म्यात अडकून राहत, जुळारी रिकामा बसे आणि मागचे सारे काम तुंबे. जुन्या मुद्रकांचे ग्रंथकारांना गेलेले तगादे आपल्याला आज रूक्ष वाटतात. पण त्या तगाद्यांमागे अडकलेले शिसे होते.

जावजी दादाजींनी हे मर्म ओळखले. लहानपणी दोन रुपये पगारावर मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम केलेल्या या माणसाने १८६४ मध्ये आधी खिळ्यांचा कारखाना काढला, आणि मगच १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. हा क्रम आकस्मिक नव्हे. ज्याच्यापाशी स्वतःची ओतशाळा आहे त्याला खिळ्यांच्या अभावी कोणतेही पुस्तक नाकारावे लागत नाही, झिजलेला वर्ण संध्याकाळी वितळवून सकाळी नवा हाती घेता येतो, आणि लांबलचक टीकेसह संस्कृत ग्रंथ उभा करताना सूक्ष्म अक्षरांचा तुटवडा भासत नाही. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले ठसे इतके सुबक होते की निर्णयसागरी खिळे हिंदुस्थानभर जाऊ लागले. आणि ज्या देशाला अर्धशतकापूर्वी श्रीरामपूरच्या तोंडाकडे पाहावे लागत होते त्याच देशात मुंबई ही देवनागरी अक्षरांची पेठ झाली. त्याच १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, रेल्वे त्यापूर्वीच बोरघाट चढली होती, आणि विलायती कागद आठवड्यांच्या हिशेबाने येऊ लागला. १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली, १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला, १८८५ च्या सुमारास पुण्याजवळ मुंढव्याला रे पेपर मिल सुरू झाली. वर्तमानपत्र म्हणजे दर आठवड्याला येणारे पंचांगच. स्वस्त आणि नियमित कागद आल्यावाचून टिळक-आगरकरांची लेखणी इतक्या घरांत पोचली नसती, हे म्हणण्याने त्या लेखणीला काही उणेपणा येत नाही.

मात्र या सुकाळात एक नवी परावलंबिता शिरली, ती रंगांची. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये गिरगावात छापखाना घातला, तो जर्मन यंत्रे आणि जर्मन तंत्रज्ञ आणून. पुढे तो मळवलीला गेला आणि कालांतराने फ्रिट्झ श्लायशर या त्याच्याच तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. एका चित्राला जितके रंग तितके दगड. लक्ष्मीच्या साडीचा गुलाबी आणि कमळाचा गुलाबी वेगळा असेल तर दगडही वेगळा. धुंडिराज गोविंद फाळके यांनी याच छापखान्याचे काम केले, मग स्वतःचा छापखाना काढला, आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची सामग्री पाहण्यास जर्मनीला गेले. त्याच वर्षी काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी मुद्रकाच्या वर्षात दुसरी अढळ तारीख उत्पन्न झाली. घराघरांतील देव्हाऱ्यात, दुकानातील गल्ल्यावर, कापडाच्या गाठींवरील शिक्क्यांत जो रंग उजळत होता तो बहुतांशी जर्मन रसायनशाळांतून येत असे.

१९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध पेटले आणि हा रंग एकाएकी थांबला. कृत्रिम रंगांच्या उत्पादनात जर्मनीची जवळजवळ मक्तेदारी होती. इंग्लंडलाही स्वतःच्या सैनिकांचे गणवेश रंगविण्याची पंचाईत पडली, मग हिंदुस्थानातील चित्रे छापणारांची काय कथा. देशातील मरू घातलेली निळीची शेती युद्धकाळापुरती पुन्हा जिवंत झाली, यावरून त्या तुटवड्याची कल्पना यावी. कागदाचे भाव चढले, आगबोटींची जागा युद्धसाहित्याने घेतली. नेमक्या अशा काळात, १९१६ साली, श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाची मंडळी स्थापन केली. ज्यात हजारो पृष्ठांचा कागद लागणार असा ग्रंथ आरंभण्यास याहून प्रतिकूल मुहूर्त दुसरा नव्हता. परंतु केतकरांनी गावोगाव हिंडून ग्राहकांची आगाऊ नोंदणी केली, भागभांडवल उभारले, आणि १९२० पासून पुढे तेवीस खंड काढून दाखविले. त्यांची विद्वत्ता सर्वांस ठाऊक आहे. माझ्या मते त्यांची व्यवहारदृष्टीही तितकीच आदरास पात्र आहे.

दुसऱ्या महायुद्धाने जे केले त्याच्यापुढे पहिले फिकेच म्हणावे लागेल. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला आणि स्कँडिनेव्हियातून येणारा कागद व लाकडाचा लगदा बंद झाला. वर्तमानपत्री कागद हिंदुस्थानात तयारच होत नव्हता. तो आता कॅनडासारख्या दूरच्या देशाकडून, पाणबुड्यांच्या तावडीतून सुटेल तेवढा यावयाचा. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर आणि मार्चमध्ये रंगून जपानच्या हाती गेले. वृत्तपत्रे वाचणारांनी त्या बातम्यांत साम्राज्याचा पराभव पाहिला. ओतशाळेच्या मालकाने त्यांत आणखी काही पाहिले असले पाहिजे. खिळ्यांची धातू शिसे, अँटिमनी आणि कथील यांची. शिसे ब्रह्मदेशाचे, कथील मलायाचे, अँटिमनी मुख्यतः चीनचे. दोन महिन्यांच्या आत तिन्ही वाटा बंद झाल्या. नवे खिळे मिळेनात, म्हणून झिजलेलेच पुन्हापुन्हा वापरात राहिले, आणि त्या वर्षांतील मराठी पुस्तके उघडली की तुटक्या वेलांट्या आणि बोथट अनुस्वार अद्याप डोळ्यांत खुपतात. पुनर्मुद्रणाच्या आशेने फर्मे बांधून ठेवण्याची रीत तर सोडूनच द्यावी लागली.

नोव्हेंबर १९४२ मध्ये सरकारने गिरण्यांच्या कागदापैकी नव्वद टक्के स्वतःच्या कामासाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. पुढे ओरड झाल्यावर हे प्रमाण सत्तर टक्क्यांवर आले. शाळांची क्रमिक पुस्तके, वह्या, वर्तमानपत्रे, मासिके, लग्नपत्रिका, या सर्वांनी उरलेल्या वाट्यात आपली सोय पाहावयाची. प्रकाशकाने पूर्वी हस्तलिखित पाहून कागदाची तजवीज करावी. आता कागद किती मिळतो ते पाहून हस्तलिखिताचा विचार करावा, असा क्रम उलटा झाला. समास अरुंद झाले, ओळी दाट बसल्या, प्रकरण नव्या पानावर सुरू करण्याची ऐट गेली, आणि एकाच पुस्तकात दोन-तीन जातींचे कागद दिसू लागले, कारण जो हाती येईल तो वापरणे भाग होते. पाट्या आणि जाहिरातीचे फलक रंगविणारांचीही तीच अवस्था होती. दुकानांवर लागणाऱ्या एनॅमलच्या लोखंडी पाट्यांची विलायती आयात खुंटली, पत्रा युद्धसाहित्यासाठी राखला गेला. पेंटरने कापडी फलकाकडे वळावे तर १९४३ मध्ये कापडावरही नियंत्रण आले. छायाचित्रांचे ठसे करण्यास लागणारे जस्त आणि तांबे मिळणे दुरापास्त झाले, आणि मासिकांतील चित्रे विरळ होत गेली.

तरीही १९४३ मध्ये बडोद्याहून ‘अभिरुची’ निघाले, आणि नव्या मराठी साहित्याला त्याने जी जागा दिली तिचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. ऐन टंचाईत निघालेल्या या मासिकाकडे पाहताना माझ्या मनात आदर दाटून येतो. प्रत्येक पान ज्याला मोजून मिळते तो संपादक पान कोणाला द्यावे याचा विचारही अधिक कसोशीने करीत असेल. पुण्यात याच सुमारास के. बी. जोशी यांनी हातकागदाचे काम पुन्हा उभे केले. त्याने छापखान्यांची भूक भागणे शक्य नव्हते. परंतु कागदीपुऱ्याच्या शहरात ताव पुन्हा हाताने उचलला जाऊ लागला, ही गोष्ट लहान नव्हती.

युद्ध संपले, पण टंचाई संपली नाही, आणि स्वराज्याच्या सरकारने जे मार्ग शोधले त्यांपैकी दोन सांगण्यासारखे आहेत. पहिला कारखान्याचा. भुसावळ-खांडवा लोहमार्गावरील नेपानगरला वर्तमानपत्री कागदाची देशातील पहिली गिरणी उभी राहिली. सालईचे लाकूड आणि बांबू हा तिचा कच्चा माल. बांबूपासून कागद करण्याची कृती डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत आधीच सिद्ध झालेली होती, आणि तिकडे चांद्याच्या जंगलाच्या कडेला बल्लारपूरनेही याच बांबूच्या आधारावर कागदाचे मोठे केंद्र म्हणून नाव मिळविले. एप्रिल १९५६ मध्ये नेपा गिरणीचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. तिचा कागद आरंभी काहीसा काळसर आणि ठिसूळ असे, यंत्रमन त्याच्याविषयी कुरकुरत. पण तो रुपयांत मिळे, त्याला परकीय चलन लागत नसे.

दुसरा मार्ग कायद्याचा, आणि तेथे एका मराठी वृत्तपत्राने साऱ्या देशाच्या वतीने भांडण मांडले. १९५६ च्या कायद्याने आणि १९६० च्या आदेशाने वर्तमानपत्राची किंमत आणि पाने यांची सांगड घालून देण्यात आली: अमुक किमतीला आठवड्यात अमुकच पाने. धनाढ्य पत्रांनी जास्त पाने कमी किमतीत देऊन लहान पत्रांना मारू नये, असा त्यात हेतू होता, आणि तो वाईट होता असे म्हणवत नाही. पुण्याचा ‘सकाळ’ आठवड्यातील पाच दिवस सहा पाने सात नव्या पैशांत देत असे. आदेश पाळावयाचा तर त्याला पाने कमी करणे किंवा किंमत वाढविणे भाग होते. पाने घटली तर बातम्या आणि लेख घटणार, किंमत वाढली तर वाचक घटणार. ‘सकाळ’ने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि सप्टेंबर १९६१ मध्ये न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालपत्राने तो कायदा आणि तो आदेश घटनाबाह्य ठरविला. आपले विचार किती पृष्ठांत आणि किती वाचकांपर्यंत न्यावेत, हा भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे त्या निर्णयाचे तात्पर्य होते. फादर स्टीफन्सच्या काळापासून जी अडचण केवळ सामग्रीची मानली जात होती, तिचा नागरिकांच्या मूलभूत हक्काशी असलेला संबंध येथे प्रथमच इतक्या स्पष्ट शब्दांत नोंदला गेला.

पानांची संख्या ठरविण्याचा अधिकार अशा रीतीने संपादकाकडे परत आला. परंतु कागद मात्र परवान्यावरच मिळत राहिला. १९६२ मध्ये वर्तमानपत्री कागदाच्या नियंत्रणाचा नवा आदेश निघाला, आयात सरकारच्या हाती राहिली, आणि प्रत्येक पत्राच्या वाट्याला विदेशी कागद किती आणि नेपाचा किती, याची वाटणी दिल्लीत होऊ लागली. ती पद्धत पुढे तीसेक वर्षे टिकली, आणि तेवढी वर्षे मराठी वृत्तपत्रांचे व्यवस्थापक दिवाळीच्या जादा पानांसाठी श्रावणापासूनच आपल्या कोट्यातील रिळे मागे टाकून ठेवीत.